लाल रंगातलं नाव

शिमोनोसेकी,
२१ जुलै १९९६

आजी,

जपानला पोचले. समुद्राने गिळलं नाही, कोणी पळवून नेलं नाही आणि पासपोर्ट अजून तू शिवून दिलेल्या पोटपिशवीतच आहे. फोन केला असता, पण फोनवर तू "कोण? कोण बोलतंय?" असं तीनदा ओरडतेस आणि ठेवून देतेस. म्हणून हे पत्र.

बोटीतला सगळ्यात स्वस्त वर्ग म्हणजे एक भलीमोठी खोली आणि तिच्यात अंथरलेली चटई. जिथे जागा मिळेल तिथे आडवं व्हायचं. माझ्या शेजारी गाठोडी घेऊन सतत ये-जा करणाऱ्या व्यापारी बायका होत्या. त्यांनी मला उकडलेली अंडी दिली, पत्ते खेळायला बसवलं आणि माझी पाठपिशवी उचलून बघितली. एक जण म्हणाली, "अगं, एवढं ओझं पाठीवर घेऊन हिंडतेस, त्यापेक्षा एखादं पोर घे की!" मी म्हटलं, पिशवी निदान रडत तरी नाही. सगळ्या खो-खो हसल्या. सकाळी जाग आली तेव्हा बोट थांबली होती. खिडकीबाहेर धुकं होतं आणि धुक्यात एक डोंगर. क्षणभर मला वाटलं, आपण निघालोच नाही, हा आपल्या थोंगयोंगचाच डोंगर आहे.

मी रेल्वेचं ते सवलतीचं तिकीट घेतलंय. त्यावर पाच चौकोन असतात. एका दिवसाला एक चौकोन, आणि त्या दिवसात कितीही लांब जा. अट एकच, गाडी प्रत्येक स्टेशनवर थांबणारी पाहिजे. मला घाई नाहीच. कॉलेजातून एका सत्राची सुट्टी घेतलीय, पैसे बेताचे आहेत, आणि बाबा रागावलेत. अशा माणसाने पॅसेंजर गाडीनेच फिरावं. छुसोकच्या सणाआधी परत येईन.

इथे प्रत्येक स्टेशनवर एक रबरी शिक्का ठेवलेला असतो. प्रवाशांनी तो आपापल्या वहीत उमटवायचा. मी वही केलीय. पहिल्या पानावर माझं नाव आहे, त्यामुळे ते पान सोडून दिलं, कारण शिक्क्याची शाई लाल होती. लहानपणी लाल खडूने भिंतीवर माझं नाव लिहिलं होतं तेव्हा तू हातावर मारलेली चापट अजून आठवते. "लाल रंगात मेलेल्यांची नावं लिहितात, कार्टे!" बघ, तुझं सगळं लक्षात आहे.

आणि तुझ्या मिरचीच्या चटणीच्या बरणीचं झाकण सैल होतं. माझे तिन्ही शर्ट आता गुलाबी आहेत.

पत्र मात्सुए गावच्या मोठ्या पोस्टात माझ्या नावाने पाठव. ते राखून ठेवतात.

तुझी
ह्येरान


थोंगयोंग,
२७ जुलै

ह्येरान,

तुझं पत्र मिळालं. झाकण मी घट्ट लावलं होतं. तू मध्येच उघडून खाल्लं असशील.

भाजलेल्या धान्याचं पीठ रोज पाण्यात कालवून पी. नुसत्या पावावर राहू नकोस. अनोळखी माणसासमोर उभी राहशील तेव्हा दोन्ही पाय जमिनीवर ठेव. बगळ्यासारखं एका पायाने दुसरी पोटरी घासत उभं राहायची तुझी सवय वाईट दिसते. माझीच सवय आहे, म्हणून सांगते. माझी आई काठी घेऊन मागे लागायची, तरी गेली नाही.

इथे ऊन फार आहे. तुझे काका बोट रंगवतायत. रंगवतायत म्हणजे डबा उघडून बसलेत.

आणखी एक. वाटेत आलं तरच. ओकायामाच्या पुढे समुद्रालगत हिनासे नावाचं बंदर आहे. तिथे इसोबे नावाचं मासेमारांचं घर होतं. ते लोक पूर्वी इथे थोंगयोंगला राहत होते, आपल्या गल्लीच्या खालच्या अंगाला. बापाची मासोळीची बोट होती, तिच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, पांढरी पट्टी होती. त्यांना पाच मुली. धाकटीचं नाव तोमे. डाव्या कानामागे तीळ. माझ्याहून तीन महिन्यांनी लहान. मुली पुरे झाल्या म्हणून तिच्या बापाने तिचं नाव तोमे ठेवलं, आणि मुली पुरे झाल्या म्हणून माझ्या बापाने माझं मालसून. दोघींना हे कळलं तेव्हा आम्ही फार हसलो होतो.

ती आहे की नाही एवढं बघ. वाटेत नसेल तर राहू दे. काही विशेष नाही.

आजी


मात्सुए,
२ ऑगस्ट

आजी,

काही विशेष नाही म्हणतेस, आणि बोटीच्या नाळेवरची पट्टी तुला एक्कावन्न वर्षांनी आठवते. माझा वाढदिवस मागच्या वर्षी विसरलीस, ते आठवतंय का?

मी इथेच रेंगाळलेय. मुसाफिरांच्या एका स्वस्त घरात सकाळी गाद्या उचलते, सूप ढवळते, फरशी पुसते. बदल्यात झोपायला जागा आणि दोन वेळचं जेवण. हे घर तळ्याच्या काठावर आहे. पहाटे तळ्यात लहान लहान होड्या येतात आणि प्रत्येकीत एक माणूस उभा राहून लांब दांड्याच्या दाताळ्याने तळाचे शिंपले ओढत असतो. धुक्यात होडी दिसत नाही, नुसता माणूस दिसतो, पाण्यावर उभा राहून पाणी विंचरल्यासारखा. मी रोज ते बघत बसते आणि रोज सूप उतू जातं. घरमालक म्हणतात, "ह्येरान-सान, तळं उद्याही असणार आहे, सूप नसणार."

संध्याकाळी दुकानात जाऊन उभी राहते. सात वाजले की एक माणूस येतो आणि उरलेल्या जेवणाच्या डब्यांवर अर्ध्या किमतीची चिठ्ठी चिकटवतो. आम्ही चार-पाच मुसाफिर दुसरंच काहीतरी बघितल्यासारखं करत त्याच्या मागे मागे सरकत असतो. काल मला तळलेला मासा मिळाला. तळ्याच्या काठावर बसून खाल्ला. सूर्य बुडायला इतका वेळ लावत होता की मला वाटलं, यालाही कुठे जायची घाई नाही. मी इथे खूप सुखात आहे, आजी. कशाचंच काही ठरलेलं नाही आणि त्याची भीती वाटत नाही, असं मला पहिल्यांदाच होतंय.

हिनासे नकाशात सापडलं. जाईन. पण आधी सांग, ही तोमे तुझी कोण होती?

ह्येरान


थोंगयोंग,
८ ऑगस्ट

ह्येरान,

मैत्रीण होती. तिच्या बापाच्या खळ्यावर मी मासोळ्या वाळवायला जायची. पंचेचाळीस साली जपान्यांचं आपल्यावरचं राज्य गेलं तेव्हा ते लोक परत गेले. मी धक्क्यावर गेले होते, रुमाल हलवला, बोट सुटली. सगळं रीतीप्रमाणे झालं. त्यात विचारण्यासारखं काही नाही.

पत्रं आली नाहीत. इकडूनही गेली नाहीत. तेव्हा तशी पत्रं जातही नव्हती. पुढे जाऊ लागली तेव्हा तुझ्या बाबाला गोवर झाला होता, मग बोट बुडाली, मग तुझे आजोबा गेले. असं होतं.

सूप उतू घालवू नकोस. दुसऱ्याचं अन्न आहे.

ऑगस्टच्या मध्यावर त्यांच्यात पूर्वजांचा सण असतो. सगळे आपापल्या गावी येतात. तेव्हा गेलीस तर कोणी ना कोणी घरी असेल.

आजी


हिनासे,
१८ ऑगस्ट

आजी,

कसं लिहू कळत नाही, म्हणून सरळ लिहिते. तोमे आजी गेल्या.

आज दुपारी इथे उतरले. स्टेशनसमोरच समुद्र आहे आणि समुद्रात इतकी बेटं की पाणी कुठे संपतं कळत नाही. कोणाला विचारावं म्हणून मी बंदरावर तीन वेळा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा बंद केलं. कॉलेजात शिकलेली जपानी पुस्तकातच बरी असते. मग वर टेकडीवर दफनभूमी दिसली. म्हटलं, दगडांवरची नावं तरी वाचता येतील. तिथून घराचा पत्ता लागेल.

इसोबेंचा दगड शेवटच्या रांगेत, समुद्राकडे तोंड करून आहे. स्वच्छ धुतलेला. पुढे ताजी फुलं. एका बाजूला दोन नावं शेजारी शेजारी कोरलेली. एक पुरुषाचं, करडं पडलेलं. दुसरं तोमे. आणि ते नाव लाल होतं, आजी. लालभडक, कालच रंगवल्यासारखं. फुलं इतकी ताजी होती की मला वाटलं, या सणाच्या सुमारासच गेल्या असाव्यात. मी मात्सुएला तळ्याकडे बघत बसले नसते तर कदाचित भेट झाली असती. तीन आठवडे, आजी. तीन आठवडे मी शिंपले बघत होते.

मी तुझ्या पिठाची पुडी काढली, पाण्यात कालवली, पेला दगडासमोर ठेवला आणि आपल्यात मेलेल्यांना घालतात तसे गुडघ्यांवर बसून दोन नमस्कार घातले. तिथे कोणी नव्हतं. खाली बोटी अगदी सावकाश येत-जात होत्या. त्यांचा आवाज उशिरा पोचायचा, बोट निघून गेल्यावर. मी बराच वेळ बसून राहिले.

गावात कोणाला भेटायचं धैर्य झालं नाही. घरातल्यांना काय सांगायचं, मी कोण? हे स्टेशनच्या बाकावर लिहितेय. संध्याकाळच्या गाडीने क्योटोला जाते. तिथेही कामाच्या बदल्यात राहायची सोय होईल असं कळलंय. क्योटोच्या मोठ्या पोस्टात लिही.

मला माफ कर.

ह्येरान


थोंगयोंग,
२६ ऑगस्ट

माझ्या पिल्ला,

तू माफी मागू नकोस. उशीर तुझा नाही, माझा आहे. तू तीन आठवडे लावलेस, मी एक्कावन्न वर्षं.

परवा पत्र आलं. काल मी तिचं पान मांडलं. तुझे काका म्हणाले, "आई, घराण्याबाहेरच्या बाईचा विधी? आणि तोही जपानी बाईचा? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "तू बोट रंगव." भात केला, समुद्री शेवाळाचं सूप केलं, रताळं उकडलं, पाकातल्या सुक्या मासोळ्या केल्या. त्या ती खळ्यावर चोरून खायची. स्वतःच्याच बापाच्या खळ्यावर चोरी करायची. मेलेल्यांसाठी रोवतात तसा भातात चमचा उभा रोवला आणि समुद्राकडचं दार उघडून ठेवलं. ती बोटीने आली तर तिकडूनच येईल. तुझे काका कुरकुर करत दाराशी बसले, पण शेवटी त्यांनीही नमस्कार केला.

आता ती गेली, तेव्हा तुला खरं सांगते. मी धक्क्यावर गेले नव्हते.

त्या वर्षी आम्हा सगळ्यांना आनंद झाला होता. त्यांचं राज्य गेलं होतं, रस्त्यात लोक नाचत होते. मीही नाचले. आमची नावं त्यांनी काढून घेतली होती, त्यांच्यातली नावं लावायला लावली होती. तिच्या घरचे, खळ्यावरचे सगळे मला त्या लादलेल्या जपानी नावानेच हाक मारायचे. तोमे मात्र मालसूनच म्हणायची. तिच्या बापाने तिला त्यासाठी दोनदा मारलं, तरी मालसूनच. मग ते निघाले त्या दिवशी माझा मोठा भाऊ म्हणाला, त्यांना निरोप द्यायला गेलीस तर घरात पाऊल ठेवू नकोस. मी त्याला घाबरले हे खरं. पण नुसतं तेच नव्हतं. माझाही राग होता. ती जाऊ दे असंही वाटत होतं, आणि जाऊ नये असंही. चौदा वर्षांच्या मुलीने या दोन गोष्टी एकदम कुठे ठेवायच्या?

मी गेले, पण धक्क्याच्या अलीकडेच थांबले. मासोळ्या वाळवायच्या गवती चटया बांबूवर टाकलेल्या होत्या, त्यांच्या मागे उभी राहिले. त्यांची बोट भरली. ती काठाशी येऊन उभी होती आणि माझ्या नावाने हाका मारत होती. "मालसून-आ! मालसून-आ!" आपल्या भाषेत, सगळ्यांसमोर. दोनदा. मी चटईच्या मागून बाहेर आले नाही. तिला वाटलं असेल, मालसून आलीच नाही. हे मनात घेऊन ती गेली आणि हे मनात घेऊनच मेली.

रुमाल वगैरे काही नव्हतं. माझ्याकडे रुमालच नव्हता.

तुझ्या बाबाला यातलं काही सांगू नकोस. क्योटोत थंड काही पिऊ नकोस, पोट बिघडतं.

आजी


हिनासे,
२ सप्टेंबर

आजी,

आधी बस. बसलीस? पाणी जवळ घे.

तोमे आजी जिवंत आहेत.

तुझं पत्र परवा क्योटोच्या पोस्टात मिळालं. मी तिथल्या खोल्या झाडत होते आणि मध्येच जिन्यात बसून वाचत होते. घरमालकीण वर आली, मला रडताना बघून तिने झाडू काढून घेतला आणि काय झालं विचारलं. मी सगळं सांगितलं. टेकडी, दगड, लाल नाव. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "लाल होतं? नक्की लाल? अगं वेडे, मग ती आहे ना!"

इथे असं आहे आजी. नवरा गेला की दगडावर त्याचं नाव कोरतात, आणि कारागीर आलेलाच असतो म्हणून शेजारी बायकोचंही कोरून ठेवतात. जी मागे राहिली तिचं नाव लाल रंगवायचं. ती गेली की लाल रंग काढून टाकायचा. घरमालकीण म्हणाली, "लाल म्हणजे अजून यायचीय. दगडाला सांगून ठेवतात, थोडी थांब म्हणून."

तू फोन ठेवून देतेस, म्हणून मी आपल्या गल्लीतल्या मासळीवाल्या काकूंना फोन लावला. घंटा वाजली आणि मी ठेवून दिला. "आजीला सांगा, ती मेलेली नाही," असं ओरडून सांगायचं कसं? काकूंनी "कोण मेलं? कोण मेलं?" करत गाव गोळा केलं असतं. मग मी तिकिटाचा चौथा चौकोन खर्च केला आणि सकाळच्या पहिल्या गाडीत बसले. चार गाड्या बदलल्या. प्रत्येक गाडी प्रत्येक स्टेशनवर थांबत होती. आयुष्यात पहिल्यांदा मला पॅसेंजर गाडीचा राग आला. आणि तरी, एका लहानशा स्टेशनवर गाडी समोरच्या गाडीची वाट बघत उभी होती, दारं उघडी होती आणि भातशेतीचा वास आत येत होता. तेव्हा मला वाटलं, एक्कावन्न वर्षांना आणखी दहा मिनिटं काय जड आहेत?

टेकडीवर त्याच दगडापाशी एक म्हातारी उकिडवी बसून ब्रश घासत होती. ठेंगणी, उन्हाची टोपी, पायात रबरी बूट. त्या रोज येतात. त्या दिवशी तेवढ्या वेळात न्हाणीघरात गेल्या होत्या, म्हणून चुकामूक झाली. टोपी काढली तेव्हा डाव्या कानामागे तीळ दिसला. मी पाठपिशवीसकट वाकले. जिवंत माणसापुढे वाकतात तसं, एकदाच. आधीचे दोन नमस्कार त्यातून वजा करता आले असते तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, "मी थोंगयोंगहून आले. मालसूनची नात." त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. त्या माझ्या पायांकडे बघत होत्या. मला वाटलं, बूट फार मळलेत म्हणून असेल. मग त्या म्हणाल्या, "पिठाचा पेला ठेवून गेलीस ती तूच का? मी विचार करत होते, माझ्या नवऱ्याला हे कोण पाजतंय?"

मी त्यांना सगळं सांगितलं. दोन नमस्कार घातले ते सांगितलं, तू पान मांडलंस तेही. त्या इतक्या हसल्या की दगडाला धरून बसल्या. मग डोळे पुसून विचारलं, "मालसूनने माझ्याबद्दल काय सांगितलं?"

आजी, तुझं पत्र माझ्या पाठपिशवीत होतं. पण ते सांगायचा हक्क मला नव्हता. म्हणून मी तुझं जुनंच उत्तर दिलं. म्हटलं, "ती धक्क्यावर आली होती म्हणे. रुमाल हलवला."

त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला. दगडावरून एकदा फिरवला. मग म्हणाल्या, "हो. आली होती."

मला कळत नाही आजी. त्या विसरल्या असतील, की मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाल्या? आता तुझ्या खोटेपणात मीही आहे. खरं सांगायचं असेल तर तुलाच सांगावं लागेल, आणि ते पत्राने सांगू नकोस असं मला वाटतं.

मी त्यांच्या घरी राहतेय. घर म्हणजे खाली जाळी, वर दोन खोल्या आणि तिसरीकडे समुद्र. त्यांना मुलं नाहीत. आज सकाळपासून त्या टेबलाशी बसून काहीतरी लिहितायत. मी जवळ गेले की हाताने झाकतात. आत्ता मला दुकानात पाठवलं. मी सांगितलं, सातनंतर गेलं तर अर्ध्या किमतीत मिळतं. त्या म्हणाल्या, "एक्कावन्न वर्षं या गावात राहून मला हे कोणी सांगितलं नाही."

ह्येरान


हिनासे,
२ सप्टेंबर

मालसून-आ,

आमचं लिहिणं तुला अजून वाचता येत असेल असं धरून चालते. नाहीच आलं तर थांब, वाचून दाखवणारी लवकरच येतेय.

तुझी नात चांगली आहे. खाते भरपूर. भाताचा वाडगा तुमच्या रीतीने खाली ठेवून जेवते, मी आमच्या रीतीने उचलून जेवते, आणि दोघी एकमेकींच्या वाडग्याकडे बघतो. तिने मला सांगितलं की तू धक्क्यावर आली होतीस आणि रुमाल हलवलास. सांगताना ती पाठपिशवीकडे बघत होती. पाठपिशवीत तुझं एक पत्र आहे. ती मला दाखवत नाही आणि मी मागितलं नाही. त्यात काय असेल ते मला माहीत आहे.

मालसून, रुमाल नव्हता. पण तू आली होतीस.

मी काठाशी उभी राहून तुला हाका मारत होते. आई मागून ओढत होती. आजूबाजूचे लोक बघत होते. मला तू कुठेच दिसेना. मग मी खळ्याकडे पाहिलं. बांबूवर चटया टाकलेल्या होत्या. चटया जमिनीपर्यंत पोचत नव्हत्या, वीतभर वरच होत्या. आणि त्या फटीत दोन पाय होते. डावा पाय उचलला, उजव्या पोटरीवर घासला, खाली ठेवला. परत उचलला, परत घासला. थोंगयोंगमध्ये असं उभं राहणारी एकच मुलगी होती.

तेव्हा मी हाका मारणं थांबवलं. बाहेर आलीस तर तुझा भाऊ तुला मारेल हे मला माहीत होतं. मी त्या पायांना हात हलवला. बोट सुटली, पाय लहान होत गेले, तरी हलवत होते. आई म्हणाली, "कोणाला हात करतेस? तिथे तर कोणीच नाही." मी म्हटलं, आहे.

तुला वाटत असेल मी दुःख घेऊन गेले. मी तर ते पाय घेऊन गेले. घरजावई होऊन आलेल्या नवऱ्याला सांगितलं होतं. तो म्हणायचा, एवढी ओढ आहे तर जाऊन ये. तो गेल्यावर मी खरंच पासपोर्ट काढला. तीन वर्षं तो त्याच्या फोटोमागे ठेवलाय. दरवर्षी काढते, बघते आणि परत ठेवते. वाटायचं, मी जायची आणि ती चटईमागून बाहेर यायचीच नाही, तर?

काल दगड घासत होते. समोर एक अनोळखी पोरगी येऊन उभी राहिली. तोंड उघडायच्या आधी तिने डावा पाय उचलला आणि उजव्या पोटरीवर घासला. मी तिचं तोंड बघितलंच नाही. बघायची गरज नव्हती.

आम्ही नऊ तारखेला निघतोय. ह्येरान म्हणते तिच्या तिकिटावर एकच चौकोन उरलाय, माझं वेगळं काढावं लागेल, पण गाड्या प्रत्येक स्टेशनवर थांबणाऱ्याच. बोटीत सगळ्यात स्वस्त वर्ग, चटईवर. एक्कावन्न वर्षांपूर्वी मी तशीच आले होते, मला सवय आहे. जाळी ओढायच्या जुन्या दोरांतून ह्येरानने मला पाठपिशवीचे पट्टे करून दिलेत. दहाला सकाळी बुसान, आणि तिथून बसने तुझ्याकडे.

तू माझं पान मांडलंस असं कळलं. शेवाळाचं सूप, रताळं, पाकातल्या मासोळ्या. मी नव्हते तेव्हा तू ते केलंस, आता मी येतेय तर परत कर. फक्त भातात चमचा उभा रोवू नकोस. आडवा ठेव, मी स्वतः उचलीन.

खाली नाव लाल शाईने लिहितेय. घाबरू नकोस. आमच्याकडे त्याचा अर्थ एवढाच, की ही अजून इथे आहे.

तोमे